हिरवं दिसत होतं म्हणून

आजोबा गेल्याचं सोमवारी सकाळी सगळ्यांना कळलं, आणि त्यांना कुणी मारलं तेही दुपारच्या चहापर्यंत ठरून गेलं.

आजोबा म्हणजे झाड. ज्युनिपरचं, जेमतेम गुडघ्याएवढं, वय ऐंशीच्या पुढे. उथळ तपकिरी कुंडीत उभं. उभं तरी कसलं, कुणीतरी पाठीत धपाटा घातल्यासारखं डावीकडे झुकलेलं. अर्धं खोड सालीवाचून उघडं, हाडासारखं पांढरं. त्याच्या कडेने जिवंत सालीची एकच पट्टी वर चढत गेलेली, आणि त्या दोन बोटं रुंद पट्टीच्या जिवावर वरचा सगळा हिरवा संसार. त्या बॉन्सायच्या बागेत एकशे चाळीस झाडं होती, पण फाटकातून आत आलेला माणूस आधी विचारायचा तो आजोबांचा पत्ता.

मारणारी म्हणून जिचं नाव ठरलं तिला बागेत सगळे चिमटी म्हणत. अंगाने बारकी आणि हातात सदा चिमटा. झाडांची जुनी, पिवळी पडलेली पानं ती एकेक करून अशी काढायची की जशी काही झोपलेल्या मुलाच्या केसातली जट सोडवते आहे. नऊ वर्षं ती तिथे होती. मध्ये बाळंतपणाची रजा झाली, आणि पाच महिन्यांची ठकी सासूबाईंच्या मांडीवर सोडून ती परत कामाला लागली त्याला त्या सोमवारी बरोबर एकवीस दिवस झाले होते. आल्या दिवशी अण्णांनी आजोबांना तिच्या हवाली केलं, तेव्हा आजोबा हिरवेगार. एकविसाव्या दिवशी आजोबा विटकरी. बेरीज इतकी सोपी की पहिलीतलं पोरही करील.

अण्णा म्हणजे बागेचे थोरले माळी. चिमटीला तार कशी गुंडाळायची इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. झाड एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची त्यांची एक रीत होती. प्रत्येक बॉन्सायला एक तोंड असतं, म्हणजे ज्या बाजूने ते बघायचं ती बाजू. देणाऱ्याने कुंडी फिरवून झाडाचं तोंड घेणाऱ्याकडे करायचं, घेणाऱ्याने कुंडीच्या काठाला दोन्ही हात लावून ‘घेतलं’ म्हणायचं, आणि मग वहीत दोघांनी सही करायची. एवढंच. झाड जिवंत आहे की नाही हे बघायचं खात्रीचं साधन म्हणजे नख: साल जराशी खरवडली आणि आत ओलं हिरवं दिसलं की जिवंत. पण देणाऱ्याच्या देखत नख लावायचं नाही, असा अण्णांच्या गुरूंपासूनचा दंडक. ते म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडासमोर ताटातलं अन्न हुंगून बघण्यासारखं. चिमटीने नख लावलं नव्हतं. अण्णांच्या हातून आलेल्या झाडाला नख लावायचं तिच्या मनातसुद्धा आलं नसतं.

सोमवारी दुपारी कोण काय बोललं ते तिला मंगळवारी सकाळी आपोआप कळलं. अशा गोष्टी पाय असल्यासारख्या चालत येतात. झाडांना एकच आई लागते, असं कुणीतरी म्हणालं. हिचं अर्धं लक्ष घरच्या पाळण्यात, असं दुसरं. आणि व्यवस्थापक साहेबांनी तर म्हणे घड्याळच लावलं होतं: ही बाई दिवसातून दोनदा, वीस वीस मिनिटं, अवजारांच्या खोलीला आतून कडी घालून बसते. बसत होती खरी. खताच्या पोत्यांमागे, उलट्या बादलीवर, लेकीसाठी दूध काढून बाटलीत भरत. त्या वीस मिनिटांत ऐंशी वर्षांचं झाड कसं काय मरतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

साहेबांनी तिला बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं की शनिवारी बैठक आहे, तिथे रीतसर ठरेल. पण त्यांचं मत असं की मूल मोठं होईपर्यंत तिने तिकीट खिडकीवर बसावं. बसून काम, सावलीत काम. झाडांना हात लावायची दगदग नको. “तुमच्याच भल्यासाठी, ताई,” असं म्हणताना ते इतके कनवाळू दिसत होते की जणू तिला बढतीच देत होते.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस तिलाही ही आपलीच चूक वाटत होती. ती मनातल्या मनात एकवीस दिवस उलगडून बघत होती, एकेका दिवसाचे खिसे उलटे करून. अमुक दिवशी ठकीला ताप होता, तेव्हा आपण पाणी द्यायला विसरलो का? तमुक दिवशी घाईने निघालो, तेव्हा कुंडी भलत्या उन्हात राहिली का? काही सापडेना. पण आईच्या अंगात अपराध हा दुधासारखा असतो, कुणी मागायच्या आधीच उतरतो. नवरा म्हणाला, एका झाडाचं एवढं काय, खिडकी तर खिडकी, वेळेवर घरी येशील. तो वाईट नव्हता बोलत. पण तिला वाटलं, नऊ वर्षं आपण रोज काय करतो ते ह्या माणसाला माहीतच नाही.

बुधवारी संध्याकाळी ती ठकीला पाजत बसली होती आणि सासूबाई शेजारी दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. आपल्याला झाडांतलं काही कळत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. एवढं मोठं झाड मुद्दाम बुटकं ठेवायचं म्हणजे त्यांना लोकांचे नसते उद्योग वाटायचे. घडी घालता घालता त्यांनी सहज विचारलं, “मरायच्या आधी ते पाणी पीत होतं का गं?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? पोर आजारी पडणार असलं की ताप यायच्या आधी ते पिणं सोडतं. आईला तिथेच कळतं. तुझं झाड पीत होतं का?”

चिमटी ठकीकडे बघत राहिली. ठकी डोळे मिटून, गाल हलवत, हावरटासारखी पीत होती. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजोबा पीत नव्हते. पहिल्या दिवसापासून नव्हते. त्या उथळ कुंडीतली माती एरवी दीड दिवसात कोरडी व्हायची. आता ती चार चार दिवस ओली राहत होती. तिने ते बोटाने रोज तपासलं होतं, आणि माती ओली असताना पाणी घालू नये हा नियम पाळून घातलं नव्हतं. तिला वाटलं होतं की अण्णांनी माती बदलली असेल, जास्त पाणी धरणारी घातली असेल. माती पाणी धरत नव्हती. वरचं झाडच ते घेत नव्हतं.

आणि ज्युनिपरचं हेच तर कपट. इतर झाडं मरतात तेव्हा पानं टाकतात, मान टाकतात, चारचौघांना कळेल असं मरतात. ज्युनिपर मुळापासून मेलं तरी आठवडेच्या आठवडे हिरवं दिसत राहतं. चुलीवरून उतरवलेलं भांडं बराच वेळ गरम राहतं तसं. तिने एकवीस दिवस एका मेलेल्या झाडाची सेवा केली होती.

गुरुवारी बाग उघडायच्या तासभर आधी ती आली. आजोबांना घेऊन मागच्या टेबलावर गेली, कुंडीखालच्या तारा कापल्या आणि झाड वर उचललं. निरोगी मुळं असती तर मातीचा गोळा अख्खाच्या अख्खा उचलला गेला असता. इथे माती चिखलासारखी गळून पडली. बारीक मुळं जवळपास उरलीच नव्हती, जाड मुळांची साल बोटात धरताच मोजा निघावा तशी निघून आली, आणि वास आला तो चार दिवस पाण्यात राहिलेल्या फुलांच्या देठांचा. तहानेने मेलेलं झाड असं नसतं. तहानेने मेलेलं झाड कोरडंठाक असतं. आजोबा पाण्याने कुजून मेले होते, आणि एवढं कुजायला तीन आठवडे पुरे नव्हते.

झाडलोट करणाऱ्या मावशी तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या, हळहळल्या, आणि म्हणाल्या की व्हायचंच होतं ते, महिनाभर त्या बंद खोलीत ठेवल्यावर दुसरं काय होणार.

कुठल्या बंद खोलीत, असं चिमटीने विचारलं. मावशींना वाटत होतं तिला ठाऊक आहे. सगळ्यांना वाटत होतं तिला ठाऊक आहे, म्हणूनच कुणी सांगितलं नव्हतं. मावशींनी तिला साहेबांच्या बैठकीच्या हॉलमध्ये नेलं. लांबलचक टेबल, जाड पडदे, बारा महिने एसी. टेबलाच्या मधोमध कापडी फुलांचा गुच्छ. मावशींनी तो उचलला. खाली पॉलिशवर कुंडीच्या चार पायांचे चार पांढुरके डाग होते. पाहुणे आले की आजोबांशेजारी फोटो काढायचे, मावशी सांगत होत्या. आणि बैठक संपली की ग्लासांत उरलेलं पाणी कुणी ना कुणी कुंडीत ओतायचं. पुण्य म्हणून. रोज.

ज्युनिपरला घरात ठेवत नाहीत. ऊन, वारा, दव ह्यावर जगणारं झाड ते. बागेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात अण्णांनी तिला हे शिकवलं होतं, आणि तो हॉल अण्णांच्या खोलीपासून वीस पावलांवर होता.

ती तडक अण्णांकडे गेली. ते दगडावर कात्रीला धार लावत बसले होते. तिच्या हातातली माती त्यांनी बघितली आणि कात्री खाली ठेवली.

“आजोबांना आत कुणी ठेवलं, अण्णा?”

“साहेबांनी सांगितलं.”

“उचललं कुणी?”

अण्णांनी धार लावायचा दगड पुसला. मग म्हणाले, निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलंय, ह्या वयात नाही म्हणायचं धारिष्ट होत नाही. आठवडाभरच म्हणाले होते. मग दुसरे पाहुणे आले, मग तिसरे.

“वहीत नोंद नाही.”

“करू नका म्हणाले.”

“आणि मला दिलंत तेव्हा? तुम्हाला माहीत होतं?”

“शंका होती,” अण्णा म्हणाले. “अगं, तुझ्या हाताला यश आहे. मला वाटलं, वाचवलं तर तूच वाचवशील.”

“वाचवायला द्यायचं असतं तर आजारी आहे म्हणून दिलं असतंत. तुम्ही तोंड माझ्याकडे फिरवून दिलंत. मी काठाला हात लावून घेतलं म्हणाले.” तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. “मी नख लावणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, अण्णा. तुम्हीच तर शिकवलंत.”

अण्णांनी कात्री परत उचलली. ते कात्रीच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिले. साहेबांवर तिला राग होता, पण साहेब म्हणजे परका माणूस. त्यांच्याकडून तिने कधी काही मागितलंच नव्हतं. अण्णांचं तसं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा आईवडिलांच्या आधी तिने अण्णांना सांगितलं होतं. ठकी झाली तेव्हा ते दवाखान्यात आले होते, आणि बाळाचा हात बोटावर घेऊन म्हणाले होते, पकड चांगली आहे, चिमटा धरील. आणि त्याच माणसाने मढं सजवून तिच्या हातात ठेवलं होतं. का, तर ती नुकती बाळंतीण, तिच्यावर खपून जाईल.

शनिवारची बैठक त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलाभोवती भरली. साहेब, कार्यालयातले दोघे, अण्णा आणि ती. साहेबांनी पाणी दिल्याची वही उघडली आणि वाचून दाखवलं: एकवीस दिवसांत पाणी किती वेळा, तर पाच वेळा. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिच्याच अक्षरातला तिच्याविरुद्धचा पुरावा. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे तिने ऐकलं होतं, पण दोरसुद्धा संन्याशाकडूनच वळून घेतात हे तिला नवीन होतं.

तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुळं काढली आणि टेबलावर उलगडली. पॉलिशवर माती सांडली. कार्यालयातल्या एकाने नाकाला रुमाल लावला. तिने पाच वेळाच पाणी का दिलं ते सांगितलं, माती ओली का राहत होती ते सांगितलं, कुजायला किती दिवस लागतात ते सांगितलं, आणि मग फुलांचा गुच्छ बाजूला करून ते चार डाग दाखवले. एक चूक आपली आहे, असंही ती म्हणाली: झाड घेताना आपण नुसत्या डोळ्यांनी घेतलं, हिरवं दिसत होतं म्हणून. ती चूक ती वहीत स्वतःच्या हाताने लिहायला तयार होती. तेवढीच.

साहेबांनी एका डागावरून बोट फिरवलं. मग हसले. “अहो, तसं बघायला गेलं तर ते अर्धं मेलेलंच होतं. अर्धं खोड तर पांढरं.”

कार्यालयातले दोघे हसले. चिमटीने अण्णांकडे बघितलं. ऐंशी वर्षं त्या एका पट्टीवर जगणं म्हणजे काय हे त्या खोलीत त्या दोघांनाच माहीत होतं. अण्णा गालिच्याकडे बघत होते.

हसणं विरल्यावर साहेब मऊ झाले. कशाला ताणायचं, असं त्यांचं म्हणणं. दोष कुणाचाच नाही. फलकावर लिहू की झाड वयोमानाने गेलं. ताईंनी खिडकीवर बसायची गरज नाही, आपल्या झाडांकडेच राहावं. फक्त हॉलचा विषय हॉलमध्येच राहू द्यावा. पुढच्या शुक्रवारी बाहेरचे पाहुणे येणार आहेत, तेव्हा ते पायऱ्यांजवळचं पाइन आणू, आणि ह्या खेपेला त्यात कुणी पाणी ओतणार नाही याची काळजी घेऊ. झालं तर मग.

म्हणजे नऊ वर्षांचं सगळं काही तिला परत मिळत होतं, आणि त्यासाठी तिला फक्त गप्प बसायचं होतं. ठकीची दहाची वेळ झाली होती. तिचा ब्लाउज आतून ओला व्हायला लागला होता. तिला उठायचं होतं, अवजारांच्या खोलीत जायचं होतं, आणि सोमवारपासून तिच्या मेपलना, तिच्या जाईच्या बुटक्या वेलाला, तिच्या त्या पाइनला हात लावायचा होता. पाइनची पालवी तिने गेल्या वर्षी गरोदरपणात, पोट टेबलाला टेकवून, चिमट्याने एकेक निवडली होती.

“वयोमानाने नाही गेले ते,” ती म्हणाली. “लिहायचं तर खरं लिहा. आणि पाइन आत न्यायचं नाही.”

साहेबांनी खिडकीवरच्या बदलीच्या कागदावर सही केली. तो कागद आधीपासून टाइप करून तयार होता.

सोमवारी ती तिकीट खिडकीत बसली. खिडकी म्हणजे फाटकाला लागून असलेलं लाकडी खोकं. एक स्टूल, एक फळी, बागेकडे उघडणारी एक झरोक्याएवढी काच. हात रिकामे पडले होते. पहिल्या दिवशी ती तिकिटांच्या फाटलेल्या कडांचे धागे चिमट्याने काढत बसली, इतके रिकामे.

पण साहेबांनी एका गोष्टीचा विचार केला नव्हता. बागेत येणारा प्रत्येक माणूस त्या खिडकीशी थांबायचा, आणि प्रत्येकाला विचारायचं असायचं ते आजोबांबद्दल.

पहिल्यांदा विचारलं ते एका निवृत्त बाईंनी. त्या दर महिन्याला यायच्या. आजोबा कुठे ठेवलेत हल्ली? चिमटीने तिकीट फाडून दिलं आणि सांगितलं. पाल्हाळ नाही, रडगाणं नाही. जवळजवळ महिनाभर बंद हॉलमध्ये ठेवले होते, पाहुण्यांच्या फोटोंसाठी, मुळं कुजली, मग मला दिले, आणि मी न तपासता घेतले. बाई तिकीट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, आत जाऊन त्या कार्यालयात दोन शब्द बोलून येते. त्यांच्यामागे एक जोडपं, मग सहलीला आलेली मुलं घेऊन एक शिक्षिका. मुलांनी विचारलं, हॉलमध्ये का ठेवलं? चिमटी म्हणाली, हे मला नाही माहीत रे, आत गेलात की साहेबांना विचारा. मुलांनी विचारलं. मुलं कुणाला भीत नाहीत.

बुधवारी साहेबांचा निरोप आला की खिडकीवर फक्त तिकिटं द्यावीत. तिने उलट निरोप पाठवला की पाहुण्यांनी विचारलं तर सौजन्याने माहिती द्यावी, असं खिडकीवरच्याच पाटीवर लिहिलेलं आहे. मावशी तो निरोप घेऊन गेल्या आणि, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, दोनदा मोठ्याने म्हणून दाखवून आल्या.

शुक्रवारी, म्हणजे बाहेरचे पाहुणे यायच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला रांग जरा मोठी होती. सर्वात पुढे एक आजोबा, खरेखुरे, नातवाला कडेवर घेऊन. त्यांनी तोच प्रश्न विचारला. चिमटीने सांगायला सुरुवात केली, “जवळजवळ महिनाभर त्यांना...”

“एकतीस दिवस.”

आवाज रांगेच्या कडेने आला. अण्णा. कामाचे कपडे, हाताला ओली माती. रांगेतली माणसं वळून त्यांच्याकडे बघू लागली. अण्णा तिच्याकडे बघत नव्हते; त्या नातवाच्या आजोबांकडे बघत होते, जणू उत्तर त्यांनाच द्यायचं होतं.

“एकतीस दिवस होते आत,” ते म्हणाले. “मीच उचलून ठेवलं होतं. मरत आलंय हे मला कळलं होतं, तरी मी हिला धडधाकट म्हणून दिलं. हिने नाही मारलं.”

कडेवरचा नातू अण्णांच्या मळक्या हाताकडे बघत होता. चिमटीने काचेतून बागेकडे नजर टाकली. पाहुण्यांची वेळ होत आली होती, आणि पायऱ्यांजवळचं पाइन अजून आपल्या जागी, उन्हात होतं.

तिला रडू आलं नाही. राग गेला असंही झालं नाही. एका वाक्याने जाण्याइतका तो लहान नव्हता, आणि आज नाही तर उद्या अण्णांनाही तिने पुष्कळ काही ऐकवायचं ठरवलं होतं. तिने त्या आजोबांचं तिकीट फाडलं, नातवाचं लागत नाही म्हणून सांगितलं, आणि अण्णांना म्हणाली, “जरा बाजूला उभे राहा. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.”

अण्णा बाजूला उभे राहिले. मागच्या बाईंनी पुढे होऊन विचारलं, आजोबा कुठे आहेत. चिमटीने मान अण्णांकडे वळवली आणि तिकिटं मोजायला घेतली.